वारुळाचा श्वास आणि घराची खिडकी

मे महिन्याच्या मध्यावर विदर्भ, तेलंगणा किंवा बुंदेलखंडातील एखाद्या खेड्यात रात्री दहाच्या सुमारास अंगणातील हवा बऱ्यापैकी निवलेली असते. त्याच वेळी पत्र्याच्या छपराखालील खोलीत मात्र भिंतीला हात लावला तरी ऊब जाणवते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि आतलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा अंगावर टाकत असतो. खिडक्या तिन्हीसांजेलाच लावून घेतलेल्या असतात, कारण त्या उघड्या ठेवल्या तर डास आत येतात. अशा रीतीने बाहेर विनामूल्य गारवा उपलब्ध असताना आत वीज खर्च करून उकाडा ढवळला जातो.

हा प्रश्न केवळ वीजबिलाचा नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराचे तापमान रात्री उतरण्यास अवसर मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक घातक ठरते. मे २०१० मध्ये अहमदाबाद येथे आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीच्या तुलनेत १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले, आणि त्या अनुभवातून २०१३ मध्ये त्या शहराने आपला उष्णता कृती आराखडा तयार केला. खेड्यांतील शेतमजुरांच्या वस्त्यांत असा हिशेब क्वचितच ठेवला जातो.

घरातील ऊर्जाबचतीची चर्चा सहसा दिवे, पंखे आणि सौरपॅनेल यांच्यापाशी सुरू होते व तेथेच संपते. त्या गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु खिडकी रात्री बंद का असते आणि एके काळी घर थंड ठेवणारी मातीची जाड भिंत नाहीशी का झाली, हे दोन प्रश्न त्याआधीचे आहेत. दोहोंच्या उत्तरात कीटकांचा वाटा मोठा आहे. गमतीचा भाग असा, की वीज न वापरता घर निवते कसे ठेवावे, याचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुनाही एका कीटकाचाच आहे आणि तो कीटक म्हणजे माणसाच्या घराला पोखरणारी वाळवी.

वारूळ नेमके काय करते

आपल्याकडील शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत किंवा जुन्या झाडाच्या बुंध्याशी दिसणारी उंच, कंगोरेदार वारुळे बहुतांशी ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीच्या वाळवीची असतात. ही वाळवी वारुळाच्या तळाशी टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीची बाग जोपासते. लक्षावधी कीटक आणि त्यांच्या जोडीला ही बुरशी असे दोघेही श्वसन करतात; त्यातून उष्णता व कार्बन डायऑक्साइड सतत निर्माण होत राहतो. तो बाहेर टाकणे आणि बागेतील ओलावा मात्र टिकवणे, ही वसाहतीची रोजची निकड असते.

यासंबंधी एक लोकप्रिय कथा अनेक पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत आढळते. वारूळ हे धुराड्यासारखे काम करते, तळाच्या छिद्रांतून थंड हवा आत येते, गरम हवा शेंड्यातून निघून जाते आणि आतील तापमान वर्षभर तसूभरही बदलत नाही, असे तिचे स्वरूप असते. तिचे मूळ स्विस कीटकशास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांच्या १९६१ मधील लेखनात शोधता येते. आफ्रिकेतील वारुळांवरून त्यांनी असे मांडले होते, की वसाहतीच्या स्वतःच्या उष्णतेमुळे हवा मध्यभागातून वर चढते आणि कडेच्या कंगोऱ्यांतून खाली उतरताना तिची शुद्धी होते. पुढे या मांडणीला पुष्कळ पदर जोडले गेले आणि मूळ सावधपणा हरवला.

प्रत्यक्षात ओडोंटोटर्मिस ओबेससच्या वारुळाला डोळ्यांना दिसेल असे एकही वायुद्वार नसते. २०१५ मध्ये हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी बंगळूरु येथील वारुळांत सूक्ष्म उपकरणे बसवून आतील हवेचा वेग मोजला. दिवसा उन्हाने वारुळाचे पातळ कंगोरे लवकर तापतात, त्यांतील हवा वर चढते आणि मध्यभागातील तुलनेने थंड हवा खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि हे चक्र उलटे फिरू लागते. म्हणजेच वसाहतीच्या उष्णतेपेक्षा दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील फरक हेच या वायुवीजनाचे इंजिन आहे. कार्बन डायऑक्साइड दिवसा साचतो आणि रात्रीच्या अभिसरणात मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. तोही एखाद्या भोकातून नव्हे, तर सच्छिद्र मातीच्या भिंतीतून पाझरून.

तापमानाच्या स्थैर्याचे श्रेयही धुराड्याला देता येत नाही. नामिबियातील मॅक्रोटर्मिस जातीच्या वारुळांवर स्कॉट टर्नर यांनी केलेल्या अभ्यासात वसाहतीचे तापमान भोवतालच्या जमिनीच्या तापमानामागोमाग चालते, ऋतूप्रमाणे ते कमी-अधिक होते, असे आढळले. दिवसभरातील चढउतार मात्र मातीचे प्रचंड वस्तुमान शोषून घेते. थोडक्यात, वारुळात दोन वेगळी कामे दोन वेगळ्या भागांकडे सोपवलेली आहेत. तापमान सावरण्याचे काम जाड माती करते आणि श्वासोच्छ्वासाचे काम पातळ कंगोरे करतात.

झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ मध्ये पूर्ण झालेली ईस्टगेट सेंटर ही इमारत वारुळावरून प्रेरणा घेतलेली म्हणून जगभर ओळखली जाते. तिचे वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी ज्या कथेतून प्रेरणा घेतली ती आज जशीच्या तशी टिकत नाही; इमारत मात्र उत्तम चालते. त्याचे कारण असे, की तेथे रात्रीची थंड हवा पंख्यांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर आत खेचून काँक्रीटच्या जाड लाद्या थंड करून घेतल्या जातात आणि दिवसभर त्या लाद्या खोल्यांतील उष्णता शोषत राहतात. मोठे वातानुकूलन संयंत्र न बसवता ही इमारत चालते. शास्त्रीय कथा चुकीची असूनही अभियांत्रिकी योग्य ठरल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

भारतीय शेतकऱ्याच्या घरासाठी यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. भिंतीत वस्तुमान असावे, दिवसा ते उन्हापासून झाकलेले असावे आणि रात्री त्यावरून गार वारा वाहावा. यांपैकी तिसरी अट पुरी झाली नाही, तर पहिली अटच उलटते. दिवसभर तापलेली जाड भिंत रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहते. म्हणूनच जुन्या वाड्यातही खिडक्या बंद करून झोपल्यास उकडते.

जाड भिंत का गेली

मातीच्या किंवा दगड-मातीच्या सुमारे दीड फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूस पोहोचण्यास साधारणतः दहा-बारा तास लागतात. तोपर्यंत रात्र झालेली असते. पत्र्याच्या छपरात हा विलंब नावापुरताही नसतो. मे महिन्यातील दुपारी पत्र्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि ती उष्णता तत्क्षणी खाली उतरते. मराठवाडा व सोलापूर भागातील माळवदाची घरे, विदर्भातील कवेलूची घरे, हिमाचल व उत्तराखंडातील दगड-लाकडाची घरे या सर्वांत स्थानिक हवामानाचे नेमके भान होते. हिमालयाच्या पायथ्याकडील अनेक गावांत घराच्या जाड भिंतीतच पोकळी ठेवून तिच्यात भारतीय मधमाशीची, म्हणजे सातेरीची, वसाहत सांभाळण्याची प्रथा आहे. बाहेरील बाजूस माश्यांपुरते छिद्र आणि आतील बाजूस काढता येणारी फळी असते. माणसाला जी भिंत हिवाळ्यात ऊबदार वाटते, तीच माशीलाही मानवते.

तरीही लोकांनी ही घरे सोडली, आणि त्यामागे केवळ हौस वा प्रतिष्ठा होती असे मानणे अन्यायाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरील जड माळवदे कोसळून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. ज्या पिढीने ते पाहिले तिला हलका पत्रा अधिक सुरक्षित वाटला, तर तो भ्रम नव्हता.

दुसरे कारण वाळवी. मातीच्या घराचा सांगाडा लाकडाचा असतो आणि त्याचे खांब बहुधा थेट जमिनीत रोवलेले असतात. भारतात वाळवीच्या सुमारे ३०० जाती आढळतात. त्यांपैकी घराला उपद्रव देणाऱ्या जाती मोजक्याच असल्या, तरी कॉप्टोटर्मिस आणि हेटेरोटर्मिस यांसारख्या जाती एकदा आत शिरल्या की तुळया पोकळ करून टाकतात. दर काही वर्षांनी खांब बदलण्याचा खर्च आणि लाकडाची वाढती टंचाई यांनी लोखंड-सिमेंटाकडे जाण्याचा मार्ग सोपा केला.

तिसरे कारण आरोग्याचे आहे आणि मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ते हमखास वगळले जाते. बिहार, झारखंड आणि पश्चिम बंगालमधील काळा आजार पसरवणारी वालुमाशी, फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस, मातीच्या भिंतींतील भेगांत आणि गोठ्याच्या दमट कोपऱ्यांत दिवसा विसावते. १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा येथे प्रथम सापडलेल्या आणि त्या गावाचेच नाव मिळालेल्या विषाणूचा प्रसारही वालुमाश्यांमार्फत होतो. त्याचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. भेगाळलेली मातीची भिंत ही कितीही थंड असली, तरी ती आदर्श भिंत नव्हे.

ही तिन्ही कारणे खरी असली, तरी त्यांवरील उपाय पत्रा हाच होता असे नाही. भेगांचा दोष हा मातीचा नसून न केलेल्या देखभालीचा असतो. वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, भेगा भरून चुनामिश्रित मातीने लिंपण केल्यास वालुमाशी, ढेकूण आणि विंचू यांचे आश्रयस्थान नाहीसे होते. नव्याने बांधणाऱ्यांसाठी सुमारे पाच टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या मातीच्या विटा हा चांगला पर्याय आहे. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, त्यांत भेगा कमी पडतात, आणि तमिळनाडूतील ऑरोविल येथील अर्थ इन्स्टिट्यूट अनेक वर्षांपासून त्यांचे प्रशिक्षण देत आहे. भाजलेल्या विटाच वापरायच्या असतील, तर केरळात लॉरी बेकर यांनी रूढ केलेली, विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडणारी बांधणी विचारात घ्यावी. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते. मात्र जोते, खिडकीची खालची बाजू आणि माथ्याचा थर भरीव ठेवण्याचा नियम पाळावा. अन्यथा हीच पोकळी मुंग्या आणि वाळवी यांचा राजमार्ग बनते. भूकंपप्रवण भागात जोते, खिडकीची वरची पातळी आणि छपराखाली सलग काँक्रीटचे पट्टे असणे अनिवार्य समजावे. वस्तुमान भिंतीत असावे, डोक्यावर नसावे, हा किल्लारीचा धडा आहे.

वाळवीसंबंधी बोलायचे तर प्रतिबंध हा उपचारापेक्षा स्वस्त पडतो. भारतीय मानक आयएस ६३१३ मध्ये बांधकामापूर्वी पाया व जोत्याखालील मातीवर कीटकनाशकाचा सलग अडथळा निर्माण करण्याची पद्धत दिलेली आहे. ही प्रक्रिया परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावी आणि विहीर वा कूपनलिका जवळ असल्यास विशेष दक्षता घ्यावी. ॲल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर यांसारखी जुनी, दीर्घकाळ टिकणारी विषे बंदी असूनही कोठे कोणी सुचविल्यास स्पष्ट नकार द्यावा. लाकडाचा कोणताही भाग जमिनीला टेकू देऊ नये. खांब दगडी किंवा काँक्रीटच्या उथाळ्यावर उभा करावा. आतील लाकडाला व बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया उपयुक्त ठरते. पावसात ही द्रव्ये धुऊन जातात, म्हणून ती उघड्यावरील लाकडासाठी नाही. बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना त्यातील पिष्टमय भाग हवा असतो. त्यामुळे कोवळा बांबू टाळून पक्व बांबू हिवाळ्यात तोडावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. जोत्यावरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, हे दर महिन्याला पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यासाठी फक्त जोत्याभोवतीची जागा सरपण व अडगळ यांपासून मोकळी असावी लागते.

शेतातील वारुळे मात्र घराच्या भीतीपोटी फोडू नयेत. घरापासून दूर असलेली वसाहत पालापाचोळा कुजवते, जमिनीत पाणी मुरण्यास वाटा करून देते आणि घराच्या तुळईशी तिचा संबंध नसतो.

खिडकी आणि जाळी

सायंकाळी खिडकी लावून घेतल्याने डासांपासून संरक्षण होते, हा समज अर्धाच खरा आहे. क्युलेक्स आणि ॲनोफिलिस जातींचे पुष्कळ डास दिवसा घरातच कपड्यांमागे, खाटेखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात विसावलेले असतात. खिडकी लावल्यावर तेही माणसांसोबत आत कोंडले जातात. शिवाय भिंत आणि छप्पर यांमधील फट उघडीच असते. उलट गारवा मात्र पूर्णपणे अडतो. रात्रीच्या वायुवीजनाचा लाभ घ्यावयाचा असेल तर खिडकीला जाळी हा ऊर्जाबचतीचा पहिला खर्च मानला पाहिजे. पंखा बदलण्याच्याही आधीचा.

जाळी वारा अडवते, ही तक्रार रास्त आहे. छिद्रे जितकी बारीक तितका अडथळा अधिक. डासासाठी नेहमीची मच्छरजाळी पुरेशी असते. वालुमाशी डासाच्या जेमतेम एक-तृतीयांश आकाराची असल्याने ती त्यातून आत येऊ शकते, परंतु तिचे उड्डाण इतके दुबळे असते की पंख्याच्या झोतात ती टिकत नाही. त्यामुळे ज्या भागात वालुमाशीचा उपद्रव नाही तेथे अतिसूक्ष्म जाळी लावून वारा गमावण्यात अर्थ नाही. झालेली तूट भरून काढण्यासाठी खिडकी मोठी ठेवावी आणि समोरासमोरच्या भिंतींत दोन उघडी असावीत. एकाच बाजूस कितीही मोठी खिडकी असली, तरी हवा आरपार गेल्याशिवाय भिंत निवत नाही. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या इको निवास संहितेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण हवामानानुसार दिले आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात ते फरसाच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश, तर उष्ण-दमट प्रदेशात एक-षष्ठांश आहे. ग्रामीण भागातील अनेक घरांत याच्या निम्मीही उघडी जागा आढळत नाही.

जाळी काढता येईल अशा चौकटीत बसवावी. कापूस पट्ट्यात तंतू आणि धूळ यांनी महिन्याभरात ती बुजते. ती धुतली नाही, तर खिडकी असून नसल्यासारखीच. वरच्या फटीही जाळीने बंद कराव्यात, पण विटा-सिमेंटने बुजवू नयेत, कारण छपराखाली साचलेली सर्वांत गरम हवा तेथूनच बाहेर जाते. जाळीचा खर्च परवडत नसेल, तर निदान खाटेला मच्छरदाणी बांधून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांचा आणखी एक लाभ आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावणाऱ्या मण्यार सापापासून ती बऱ्याच अंशी बचाव करते.

दिनक्रमही बदलावा लागतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, बाहेरची हवा आतल्याहून गरम होऊ लागताच खिडक्या-दारे लावून पडदे ओढावेत आणि सूर्यास्तानंतर बाहेरची हवा निवू लागताच ती सताड उघडावीत. बहुतेक घरांत याच्या नेमके उलट घडते.

ही पद्धत सर्वत्र सारखी चालणार नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. वारुळाचे इंजिन जसे दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकावर चालते, तसेच या घराचेही. दख्खनचे पठार, माळवा, राजस्थान येथे हा फरक मोठा असतो. कोकण, गोवा, केरळचा किनारा आणि बंगालच्या दमट पट्ट्यात रात्रही फारशी निवत नाही. तेथे जाड भिंतीपेक्षा उंच उतरते छप्पर, रुंद पडवी, दाट सावली आणि दिवसरात्र वाहणारा वारा उपयोगी पडतो. कोकणातील जुन्या कौलारू घरांची रचना तशीच आहे. त्या भागात देशावरील नमुन्याची नक्कल करू नये.

पाण्याचा गारवा आणि त्यातील अळ्या

मधमाश्यांच्या पोळ्यात पिल्लांचा भाग ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखला जातो. बाहेर ऊन वाढले की कामकरी माश्या पाणी आणून घरांच्या कडांवर त्याचे सूक्ष्म थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते वाळवतात. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांचे तत्त्व हेच. सुमारे दीडशे-दोनशे वॉटचा कूलर कोरड्या हवेत जे काम करतो, त्यासाठी दीड टनी वातानुकूलन यंत्राला त्याच्या कित्येक पट वीज लागते.

फरक इतकाच, की माश्या गरजेपुरते पाणी आणतात आणि उष्मा ओसरताच थांबतात. कूलरच्या टाकीत मात्र ते आठवडेच्या आठवडे साचून राहते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला याहून सोयीची जागा नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करण्यास सांगितले जाते. येथे एक चूक सर्रास होते. या डासाची अंडी पाण्यात नसून पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या स्थितीत कित्येक महिने जिवंत राहतात. केवळ पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. भिंती काथ्याने किंवा ब्रशने घासाव्या लागतात. हंगाम संपल्यावर कूलर न घासता माळ्यावर ठेवला, तर पुढील वर्षी पहिल्याच पाण्याबरोबर जुन्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. वापरलेले गवताचे पॅडही ठेवू नयेत. दमट किनारपट्टीवर कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भाजीपाला टिकवण्यासाठी हेच तत्त्व नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या शून्य ऊर्जा शीतकक्षात वापरले आहे. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये साडेसात सेंटिमीटर जाडीची वाळू, ती सकाळ-संध्याकाळ भिजवणे, एवढीच त्याची रचना. उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंश कमी तापमान मिळते. घरापुरता लहान कक्ष बांधल्यास मोठा फ्रीज घेण्याची निकड उरत नाही. वाळूत पाणी साचू न देता ती केवळ ओली ठेवावी.

छपरावरील सावली

ज्यांच्याकडे पत्रा आहे आणि तो बदलणे शक्य नाही, त्यांनी सुरुवात चुन्यापासून करावी. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवून लावतो. अहमदाबादेत वस्त्यांमधील छपरांवर असा थर देण्याचा कार्यक्रम झाला आहे आणि तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, त्यामुळे दर फाल्गुनात तो पुन्हा द्यावा लागतो. पत्र्याखाली एक वीत अंतर सोडून बांबूच्या चटईचे किंवा तत्सम आच्छादन दिल्यास आणखी फरक पडतो. पोकळीची दोन्ही टोके जाळी लावून उघडी ठेवावीत, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि उंदीर-घुशी आत येत नाहीत.

कापूस पट्ट्यात पत्र्यावर किंवा मांडवावर पऱ्हाट्या पसरून सावली करण्याची रीत आहे. सावली उत्तम मिळते. परंतु पऱ्हाट्यांवर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते आणि तेथूनच पुढील हंगामात पतंग शेतात परततात. घराजवळची पऱ्हाट्यांची गंजी हेही याच उपद्रवाचे आगर. घर थंड ठेवण्याच्या खटाटोपात शेतात पुढील वर्षाची अळी पेरली जाऊ नये, यासाठी तुराट्या, कडबा किंवा भाताचे तणस वापरावे आणि पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे करून कंपोस्ट करावे. वाळलेल्या कोणत्याही आच्छादनाला आगीचा धोका असतो, म्हणून चुलीच्या बाजूस ते घालू नये. भोपळा, घोसाळी यांसारखे वेल छपरावर चढवणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

छपरावर सौरपॅनेल बसवल्यास वीज आणि सावली असे दोन्ही मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला कमाल ७८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. मात्र आधी मागणी कमी करून मगच संचाचा आकार ठरवावा. जुना ७५ वॉटचा पंखा दिवसाला पंधरा तास चालल्यास एक युनिटहून थोडी अधिक वीज घेतो. तेवढ्याच वेळात तीस वॉटचा बीएलडीसी पंखा अर्ध्या युनिटपेक्षाही कमी घेतो. घरात चार पंखे असतील, तर हा फरक दररोज जवळजवळ पावणेतीन युनिटांचा होतो.

दिव्यांच्या बाबतीत एलईडीने बरेच काम सोपे केले आहे. त्यातून अतिनील किरण जवळजवळ बाहेर पडत नसल्याने जुन्या दिव्यांपेक्षा त्याकडे कीटक कमी येतात. त्यातही पिवळसर प्रकाशाचा दिवा निळसर-पांढऱ्यापेक्षा कमी कीटक ओढतो. ओट्यावर, गोठ्यात आणि उघड्या खिडकीजवळ तोच लावावा. जाळीवर कीटकांचा थर जमत नाही आणि वारा मोकळा राहतो.

मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर सायंकाळी वारुळांतून पंख फुटलेल्या वाळवीचे थवे बाहेर पडतात आणि दिव्यांकडे झेपावतात. पंख गाळून त्यांच्या जोड्या ओलसर मातीत शिरतात आणि नवी वसाहत वसवतात. तो उड्डाणाचा काळ बहुधा तासाभराचा असतो. त्या संध्याकाळी ओट्यावरचा दिवा बंद ठेवावा, खिडक्यांच्या जाळ्या लावलेल्या आहेत याची खात्री करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोत्याच्या कडेने गळून पडलेले पंख दिसतात का, ते पाहावे. पंखांचा खच एखाद्या कोपऱ्यात अधिक असेल, तर तेथील माती उकरून, लाकडाचे तुकडे काढून टाकून ती जागा कोरडी ठेवावी आणि पुढील दोन महिने त्या बाजूच्या भिंतीवर मातीच्या नळ्या चढतात का, याकडे लक्ष ठेवावे.